आजाराचं नाव आणि रजेचा कागद

प्रज्ञा बेटा,

परवा फोनवर तू विचारलंस, "मोठे बाबा, कंपनीत आजाराचं सांगू की नको सांगू?" मी एकदम काही बोललो नाही, म्हणून तुला वाटलं असेल की म्हाताऱ्याला झोप आली. झोप नव्हती आली. या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नको, एवढंच मनात घोळत होतं. तुझे बाबा म्हणतात, सगळं सांगून मोकळी हो. तुझी आई म्हणते, कुणापाशी तोंड उघडू नको. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

हिंगण्याच्या एमआयडीसीत टाइम ऑफिसच्या खिडकीमागे माझी नोकरी गेली. मस्टर, रजेचे अर्ज, मेडिकल सर्टिफिकेटं, विमा दवाखान्याचे कागद, शो कॉज नोटिशीच्या पोचपावत्या, सगळं त्या खिडकीतून जायचं. मी लागलो तेव्हा जे हेड टाइमकीपर होते त्यांना अख्खा कारखाना दादाजी म्हणे. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं की खिडकीवर आलेल्या माणसाला तारखा विचारायच्या, आजार विचारायचा नाही. तारखा कंपनीच्या, आजार त्याचा. पुढे जे शिकलो ते याच्याच आसपास. आता ते तुला खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं सांगतो.

आधी हे समजून घे की तुझा आजार मस्टरवर कसा दिसतो. मोडलेला पाय मस्टरवर छान दिसतो. सलग दीड महिना रजा, मग फिटनेस, मग हजर. सिकलसेलचं तसं नाही. एसएस पॅटर्नच्या माणसाला क्रायसिस कधी येईल याचा नेम नसतो. डिसेंबरातली थंडी, मे महिन्यात पोटात कमी गेलेलं पाणी, साधा ताप, जास्तीची धावपळ, कशानंही रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटतील असं दुखतं. दोन-तीन दिवस सलाइन, की तू पुन्हा वेणी घालून कंपनीच्या बसमध्ये. मस्टरवर काय उमटतं? सोमवार-मंगळवार नाही. पुढच्या महिन्यात गुरुवार नाही. मग थंडीत पुन्हा तीन दिवस नाही. सुपरवायझरला ही नोंद आणि रविवारी पिऊन सोमवारी न उठणाऱ्याची नोंद सारखीच दिसते. दोन्हीला आमच्याकडे दांडीच म्हणत. आणि परत आल्यावर तू धडधाकट दिसतेस, हा तर वरून गुन्हाच.

माझ्या काळच्या आदर्श स्थायी आदेशांत रजेशिवाय वारंवार गैरहजर राहणं, किंवा रजेशिवाय सलग १० दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणं, हे गैरवर्तन म्हणून लिहिलेलं होतं. वारंवार म्हणजे किती वेळा, ते लिहिलेलं नव्हतं. ते साहेबाच्या मनावर. मंजूर रजा संपल्यावर ८ दिवसांत परत आला नाही आणि पटण्याजोगं कारण दिलं नाही, तर नोकरीवरचा हक्क जातो, असंही होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुने कायदे त्यांत गेले, कलमांचे नंबर बदलले. म्हणून तुझ्या कंपनीला कोणते नियम लागतात ते एचआरकडून मागून घे आणि गैरहजेरीचं पान सगळ्यात आधी वाच. तुला तिथे दिसेल की माणूस आजारी पडल्यानं सहसा अडकत नाही, न कळवल्यानं अडकतो. दुखायला लागलं की त्याच दिवशी, शक्य तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, निरोप गेला पाहिजे. तुला फोन धरवत नसेल तर आईनं करायचा. निरोपात एवढंच: तब्येत बरी नाही, आज येऊ शकत नाही, कागद मागाहून देते. फोन केलास तरी त्यामागून एक मेसेज किंवा मेल ठेव, कारण फोनवरचं बोलणं सुपरवायझर चौकशीत विसरतो.

आता कागदाचं. माझ्या खिडकीवर वर्षानुवर्षं जी सर्टिफिकेटं आली, त्यांत टायफॉईड, कावीळ आणि 'व्हायरल' एवढे तीनच आजार होते म्हटलं तरी चालेल. अशी सर्टिफिकेटं विकत मिळायची आणि आम्हाला दुकान माहीत असायचं. ज्यांना खरा आजार होता पण सांगायची लाज होती, अशी माणसंही तोच कागद आणत. टीबीचा माणूस टायफॉईड लिहून आणायचा. डिप्रेशनची गोळी खाणारा कावीळ लिहून आणायचा. त्यांना वाटायचं, झाकलं. दोन वर्षांनी फाइल काढली की त्या माणसाला पाच टायफॉईड आणि चार काविळी झालेल्या असत. मग खरं कारण सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार? कंपनीनं पडताळणी केली तर आणखी वाईट. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरनं दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये ठेवायची असते आणि प्रत जपायची असते. विकणाऱ्याकडे ती नसते. खोटं सर्टिफिकेट हे स्वतःच गैरवर्तन ठरतं, आणि जो माणूस खरोखर आजारी होता तो खोटेपणासाठी घरी जातो. असे गेलेले मी पाहिले आहेत.

तेव्हा बाई, कमी सांग, पण कधी वेगळं सांगू नको.

कमी कसं सांगायचं, ते डॉक्टरशी आधीच ठरव. रजेच्या सर्टिफिकेटच्या नमुन्यात आजारासाठी जागा असते. तिथे 'दीर्घकालीन आजारावर नियमित उपचार सुरू. त्याच आजाराच्या तीव्र वेदनेमुळे अमुक ते अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक. अमुक तारखेपासून कामास योग्य' असं लिहून दिलं तर त्यात खोटं काही नाही आणि कंपनीला लागतं ते सगळं आहे. यातला 'त्याच आजाराच्या' हा भाग डॉक्टर विसरतील, तू विसरू नको. प्रत्येक वेळी तेच शब्द आले की फाइलमध्ये एक सलग धागा तयार होतो. उद्या प्रसंग आला तर तुझ्या नऊ सुट्ट्या नऊ बहाणे न दिसता एकाच आजाराच्या दिसतात. शक्यतो एकाच डॉक्टरचा कागद आण. रात्री-बेरात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर नंतर तुझ्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवून त्यांच्याकडून नोंद करून घे. आपल्या उपचाराचे कागद मागितल्यावर ७२ तासांच्या आत मिळायला हवेत, हेही त्याच २००२ च्या नियमांत आहे. हक्कानं माग. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मात्र रजेच्या अर्जाला लावू नको. सगळे तीच चूक करतात. डिस्चार्ज कार्डावर पॅटर्नपासून आईवडिलांच्या रिपोर्टपर्यंत सगळं असतं आणि टाइम ऑफिसला त्यातल्या दोन तारखाच हव्या असतात.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे म्हणजे रक्त तपासायला ठरावीक मुदतीनं जावं लागतं. त्या दिवसांची रजा आधी टाकून मंजूर करून घे. ठरलेली भेट आणि अचानक आलेला क्रायसिस, हे दोन ढीग वेगळे राहिले पाहिजेत. जो माणूस ठरवता येण्याजोग्या रजा आधी मागतो, त्याच्या अचानक रजेकडे टाइम ऑफिससुद्धा जरा मऊ नजरेनं बघतं. शेवटी तिथेही माणसंच बसतात.

जॉइनिंगच्या फॉर्मबद्दल तू विचारलं होतंस. त्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खोटं देऊ नको, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नको. 'कामावर परिणाम करणारा आजार आहे का' असं विचारलं असेल तर 'दीर्घकालीन आजार, उपचार सुरू, तपशील वैद्यकीय अधिकाऱ्यांना देईन' असं लिही. 'नाही' लिहून ठेवलं आणि सहा महिन्यांनी क्रायसिस आला, तर माहिती लपवली म्हणून तेच पान समोर येतं. पण फॉर्म छापलेला आहे म्हणजे त्यातला प्रत्येक प्रश्न योग्यच आहे, असंही नाही. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये एकेकाळी लग्न झालेल्या बाईला पाळीच्या तारखा आणि गरोदरपणं विचारलेली असत. नीरा माथुर नावाच्या प्रोबेशनवरच्या बाईंना त्यावरून नोकरीवरून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. दादाजींनी ही बातमी पेपरात वाचली तेव्हा आमच्या कंपनीचा फॉर्म काढून दोन दिवस त्यावर पेन्सिल फिरवत बसले होते.

आणखी एक खटला आपल्या मुंबई उच्च न्यायालयातला, १९९७ चा. एका सार्वजनिक कंपनीतल्या हंगामी कामगाराला एचआयव्ही निघाला म्हणून काम बंद केलं होतं. न्यायालय म्हणालं, माणूस ते काम करू शकतो आणि इतरांना त्याचा धोका नाही, तर नुसत्या रिपोर्टवरून नोकरी नाकारता येत नाही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या माणसाला खरं नाव झाकून खटला लढू दिला. कागदोपत्री तो एमएक्स, कंपनी झेडवाय. न्याय मागायलासुद्धा आजाराची दवंडी पिटावी लागू नये, हे न्यायालयाला त्या वेळी कळलं होतं. पुढे २०१७ मध्ये एचआयव्हीसाठी वेगळा कायदाच आला, आणि नोकरी देण्याआधी ती चाचणी सक्तीची करायला मनाई झाली. सिकलसेलसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. तुला हे सगळं दिव्यांगांच्या कायद्यातून आणि स्वतःच्या शहाणपणातून सांभाळायचं आहे.

कंपनीत आजाराचं नाव द्यायचं तर कुणाला? सुपरवायझरला नाही. तो चांगला असला तरी नाही. आज चांगला आहे, उद्या त्याची बदली होईल, आणि जाताना नव्या माणसाला तो 'त्या पोरीचं जरा रक्ताचं काहीतरी आहे' असं सांगून जाईल, मायेपोटीच सांगून जाईल. सुपरवायझरला तुला काय जमतं आणि काय जमत नाही, तेवढं पुरतं. कारखान्याचा वैद्यकीय अधिकारी असेल तर त्याला सांगायला हरकत नाही. तोही नोंदणीकृत डॉक्टर आहे आणि पेशंटची गोष्ट फोडायची नाही हे बंधन त्याच्यावर आहे. तरी पगार कंपनीचा खातो हे ध्यानात ठेव, आणि सांगायच्या आधी सरळ विचार, "डॉक्टर, तुम्ही कंपनीला काय लिहून देणार?" त्यानं 'कामास योग्य, अमुक बंधनांसह' एवढंच द्यायचं असतं. उत्तर देताना तो घुटमळला तर तूही घुटमळ.

एचआरला काही सांगायचं ते लेखी, बंद पाकिटात, वर 'गोपनीय' लिहून आणि पोच घेऊन. पाकीट कोण उघडणार आणि कुठे ठेवणार, हे विचारायला लाजू नको. ग्रुप इन्शुरन्सचा क्लेम असेल तर कागद सरळ विमा कंपनीकडे पाठवता येतात का, ते बघ. पुष्कळ ठिकाणी एचआरच्या टेबलावरून जायची सवय असते, सक्ती नसते. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा तुझ्या मैत्रिणी तोंडावर फेकतील, पण नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची वाट त्यात मालकाला ठेवलेली आहे. एकदा बाहेर पडलेली माहिती कायद्यानं परत आत जात नाही. ती बाहेर पडायच्या आधीच विचार कर.

आणि तो व्हॉट्सॲप ग्रुप! माझ्या वेळी हे नव्हतं, नाहीतर मी आधीच रिटायर झालो असतो. शिफ्टच्या ग्रुपवर रजा कळवायची नाही. तिथे आज 'गेट वेल सून' येतात, उद्या 'पुन्हा काय झालं' येतं, परवा कुणीतरी पिवळा हसरा चेहरा टाकतो. 'सगळे तिथेच कळवतात' असं सुपरवायझर म्हणाला तर ग्रुपवर 'आज रजेवर आहे' इतकंच टाक, बाकीचं त्याला वेगळं. सलाइनचा फोटो कुणालाही पाठवायचा नाही, पुरावा म्हणूनसुद्धा नाही.

पैशाचं थोडं किचकट आहे, पण ऐक. तुझा पगार महिना २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी विमा, लागतो. दिव्यांग असल्याचा कागद असेल तर ही मर्यादा २५ हजार आहे, पगारवाढ होईल तेव्हा हे लक्षात ठेव. तुझ्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, कंपनी सव्वातीन टक्के भरते. औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतो. आजारपणाचा रोख भत्ता मात्र नव्या माणसाला साधारण पहिले नऊ महिने मिळत नाही, आणि नंतरही सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. भत्ता सरासरी मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. आता तुझ्या आजाराची खोच बघ. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता नसतो. दोन दिवसांचा क्रायसिस म्हणजे हातात शून्य. पण आधीचं आजारपण संपल्यापासून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलीस तर ती दोन दिवसांची कपात लागत नाही. म्हणून विम्याच्या डॉक्टरकडून प्रत्येक वेळी सर्टिफिकेट घे, त्या वेळी पैसे मिळणार नसले तरी. पोरं म्हणतात, 'दोन दिवसांसाठी कोण रांगेत उभं राहील.' रांगेत उभं राहिलेल्याकडे कागद असतो. दुसरं असं की माझ्या वेळच्या ईएसआय कायद्यात, १९४८ च्या, कलम ७३ होतं. आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला काढता किंवा शिक्षा करता येत नसे. त्या एका कलमानं किती जणांचे हिशेब अडवले ते मी पाहिलं आहे, आणि ते अडले कारण विम्याचा कागद होता.

टीबी, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं, अशा ३४ लांबणाऱ्या आजारांसाठी वेगळा वाढीव भत्ता आहे, ८० टक्क्यांचा. त्याला दोन वर्षांची नोकरी लागते. ती यादी सोमवारीपेठेतल्या विमा रुग्णालयात विचारून बघून ठेव. सध्या एवढं पुरे.

आता त्या दिव्यांग कार्डाचं, ज्यावरून घरात भांडण झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; १९९५ च्या कायद्यात ७ होते. नव्यांमध्ये रक्ताचे तीन आजार आले: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात हे तिन्ही नाहीत, म्हणून 'कार्डाचा काय उपयोग' असं तुझा मामा म्हणतो. मामा आरक्षणापलीकडे बघत नाही. सिव्हिल सर्जनकडच्या बोर्डानं टक्केवारी ठरवून दिलेलं यूडीआयडी कार्ड म्हणजे तुझ्या गैरहजेरीला सरकारनं दिलेलं कारण. शिवाय त्याच कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं, खासगीसुद्धा, समान संधी धोरण करून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं असतं. २० किंवा जास्त माणसांच्या खासगी कंपनीच्या धोरणात काय काय असावं ते २०१७ च्या नियमांत दिलेलं आहे, आणि त्यात विशेष रजेचा उल्लेख आहे. ते पाळतात किती, तो भाग वेगळा. पण तू मागू शकतेस. 'आपल्या कंपनीचं समान संधी धोरण वाचायला मिळेल का' असं एचआरला साध्या मेलनं विचार. हे विचारायला आजार सांगावा लागत नाही, आणि उत्तर कसं येतं त्यावरून कुणाशी गाठ आहे ते कळतं.

कार्ड काढून ठेव, दाखवायची घाई करू नको. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो. त्याची झेरॉक्स दिली की नाव गेलंच. पण एक वेळ अशी येते की ते द्यावं लागतं, आणि ती वेळ लोक हमखास चुकवतात. नोटीस हातात पडल्यावर पहिल्यांदा आजार सांगितला तर तो बहाणा वाटतो. तोच आजार चार महिने आधी बंद पाकिटातून गेलेला असेल तर नोटीस काढणाऱ्याला विचार करावा लागतो. मी तुझ्या जागी असतो तर प्रोबेशन संपेपर्यंत डॉक्टरच्या मोघम सर्टिफिकेटांवर काढलं असतं, आणि कायम झाल्याचं पत्र मिळालं की पाकीट दिलं असतं. तुझ्या बाबांना हे लबाडीचं वाटेल. प्रोबेशनवरच्या माणसाला काढायला फार कारण लागत नाही, हे त्यांना शाळेतल्या नोकरीत कधी भोगावं लागलं नाही. मात्र त्याआधीच तीन-चार क्रायसिस आले आणि सुपरवायझर कुरकुरू लागला, तर माझं ऐकू नको, पाकीट लगेच दे.

पाकिटात रडगाणं नको, मागणं हवं. लॅबमध्ये एसीच्या झोताखालची जागा बदलून हवी. पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. थंडीच्या दोन महिन्यांत रात्रपाळी नको. अचानक रजा लागली तर ती कोणत्या खात्यात टाकायची ते आधी ठरवून द्यावं. असं चार ओळींत लिही. कंपनीला यातलं काहीच महाग नाही. अशा सवलतीसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विकाश कुमारच्या खटल्यात २०२१ मध्ये स्पष्ट केलं. बोर्डानं ३० टक्के दिले म्हणून गप्प बसू नको. सरकारी नोकरीत असतीस तर दिव्यांग कायद्याच्या कलम २० चं मोठं छत्र होतं. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तरी काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावं लागतं. खासगीला ते थेट लागत नाही. तिथे आपला कागद आपणच करायचा.

तरीही शो कॉज आली तर? घाबरून राजीनामा देऊ नको. एचआरवाली गोड बोलून सांगेल, 'रेकॉर्ड खराब होण्यापेक्षा स्वतःहून दे.' राजीनामा दिला की सगळे कायदे घरी गेले. नोटिशीचं उत्तर मुदतीत, लेखी, तारखांसकट दे. प्रत्येक तारखेपुढे कळवल्याचा मेसेज आणि सर्टिफिकेट. आठ दिवस आला नाही म्हणून चौकशीशिवाय नाव कमी करता येत नाही, हे १९९३ पासून ठरलेलं आहे. गैरहजेरी मुद्दाम होती हे दाखवल्याशिवाय ते गैरवर्तन ठरत नाही, आणि आजारपण, दवाखाना ही मुद्दाम नसलेली कारणं आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये एका सरकारी नोकराच्या खटल्यात सांगितलं. २०२१ च्या डिसेंबरात त्याच न्यायालयानं केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका मानसिक आजार असलेल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत म्हटलं की ज्या वागण्यावरून कारवाई केली त्यामागे दिव्यांगत्व हे अनेक कारणांपैकी एक असलं तरी ती कारवाई भेदभावात मोडू शकते. वकिलाला यांतलं पाठ असतंच. तुला एवढ्यासाठी सांगतो की वकील गाठेपर्यंतची रात्र नीट जावी.

मालकांची एक जुनी पळवाट सांगून ठेवतो, कारण आमच्याकडे तिचा वापर झालेला मी पाहिला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'सततच्या आजारपणामुळे' नोकरी संपवली तर ती कामगार कपात धरत नसत, म्हणजे कपातीची भरपाईही नाही. म्हणून डॉक्टरच्या कागदावर 'वारंवार आजारी', 'कायम अशक्त' असले शब्द कधी येऊ देऊ नको. क्रायसिस संपल्यावर तू पूर्ण कामाला योग्य असतेस, आणि तेच खरं आहे. प्रत्येक रजेच्या शेवटी फिटनेस सर्टिफिकेट द्यायचं, मागितलं नसलं तरी.

कँटीनमध्ये कुणी विचारलंच, "तुला नक्की होतं काय गं?" तर 'अंग दुखतं, औषध चालू आहे' म्हण आणि डब्यातली भाजी पुढे कर. हा आजार एकटीचा नसतो. तू एसएस म्हटलं की ऐकणाऱ्याला आईबाबा दोघांचंही कळतं, आणि धाकटीचं काय असेल याचा हिशेब तो मनात मांडतो. धाकटी एएस आहे, वाहक आहे, आजारी नाही. पण सोयरिकीच्या वेळी हा फरक समजून घेणारी माणसं आपल्याकडे अजून कमीच. तिचा रिपोर्ट तिचा आहे. तुझ्या फाइलमध्ये, क्लेममध्ये, कुटुंबाच्या इतिहासाच्या रकान्यात तिचं नाव तिला विचारल्याशिवाय जाता कामा नये. १ जुलै २०२३ ला सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, गावोगावी तपासण्या होतात, कार्डं वाटतात, ते चांगलंच आहे. पण आपल्या गोंदियाकडे कार्ड कोणाला मिळालं हे कार्ड मिळायच्या आधी चौकात कळतं, हेही तुला ठाऊक आहे.

इतकं झाकायला सांगितलं, आता एक उघडायला सांगतो. तुझ्या शिफ्टमधली एक मुलगी निवड. सगळ्यात जवळची मैत्रीण नको, सगळ्यात शांत डोक्याची हवी. तिला नाव सांग, आजाराचं. क्रायसिस कामावर असताना आला तर तुला बोलता येणार नाही, तेव्हा कुणीतरी बोलणारं पाहिजे. एका चिठ्ठीवर लिहून दे: अंगावर गरम पांघरूण, पाणी, एसीतून बाहेर काढा, 'थोडं पडून बघ' म्हणत वाट बघू नका, श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही नाही. कोणत्या दवाखान्यात न्यायचं, चालू औषधाचं नाव, रक्तगट, तुझ्या आईचा नंबर आणि माझा. सुपरवायझरनं काय झालं विचारलं तर तिनं म्हणायचं, "तब्येत बिघडली, दवाखान्यात नेतेय." कागद दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात पोचला तरी चालतो.

— मोठे बाबा